मेपलचा पाक, माडाचा रस आणि आपली काकवी



गेल्या दोन हंगामांपासून गट कार्यालयांवरच्या बैठकांत एक प्रश्न सारखा निघतो आहे. "साहेब, गुऱ्हाळावर सेंद्रिय काकवी केली तर परदेशात जाईल का? आणि ते सर्टिफिकेट कुठं मिळतं?" मध्यंतरी एका सभासदांच्या मुलाने कॅनडाहून मेपलच्या पाकाची बाटली आणली होती. ती बैठकीत हातोहात फिरली. बोटावर थेंब घेऊन एक जुने सभासद म्हणाले, "ही तर आपली काकवीच, जरा पातळ." बाटलीवर सेंद्रिय प्रमाणनाचा शिक्का होता. किंमत रुपयांत करून सांगितल्यावर मात्र सगळे गप्प झाले आणि प्रश्न आणखी वाढले.

म्हणून या अंकात हा विषय सविस्तर घेत आहोत. कारखान्याच्या ऊस विकास विभागाने काकवीची वकिली करावी हे काहींना चमत्कारिक वाटेल. सगळा ऊस गुऱ्हाळाकडे गेला तर गाळप कशाचे करणार, असे आमच्याच कचेरीत एकाने विचारले. तशी वेळ येण्याचा संभव नाही, त्याची कारणे पुढे येतीलच. पण सभासद विचारत असेल तर त्याला खरे काय ते सांगणे आमचे काम आहे. आम्ही सांगितले नाही, तर 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणून आगाऊ रक्कम घेणारे दलाल सांगायला तयारच असतात.

आधी त्या बाटलीचे पाहू. मेपल हे थंड मुलखातले मोठे झाड. कॅनडाचा क्यूबेक प्रांत हे त्याचे मुख्य आगर. जगातला सुमारे ७० टक्के मेपल पाक तिथून येतो. फेब्रुवारी-अखेरीपासून एप्रिलपर्यंत तिकडे रात्री पाणी गोठते आणि दिवसा ऊन पडते. त्या काही आठवड्यांतच खोडातून गोड रस वाहतो. खोडाला करंगळीपेक्षा बारीक आणि दोनेक इंच खोल भोक पाडतात, त्यात तोटी बसवतात, आणि रस बादलीत धरतात किंवा नळीने कढईघराकडे नेतात. झाड रस काढण्याजोगे व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात. म्हणजे आज लावणाऱ्याच्या हयातीत रस मिळाला तर मिळाला.

हा रस चवीला जवळजवळ पाणीच असतो. त्यात साखर जेमतेम २ टक्के, आणि पाक उतरवायचा ६६ ब्रिक्सला. ब्रिक्स म्हणजे काय ते आपल्या सभासदाला नव्याने सांगायला नको. तोडणीपूर्वी आम्ही फडात येऊन ज्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहतो, तेच ते माप. याचा हिशेब केला तर १ लिटर पाकाला सुमारे ४० लिटर रस लागतो. बाकीचे सगळे पाणी सरपण घालून उडवायचे. आपल्या उसाचा रस १८ ते २० ब्रिक्सचा. ७० ब्रिक्सची १ लिटर काकवी करायला चांगल्या रसाचे साडेचार लिटर पुरतात. देवाने आपल्या ताटात किती वाढून ठेवले आहे ते या आकड्यांवरून समजते. तरीही बाटलीला किंमत त्यांच्या मिळते. ती का मिळते, हाच आजचा धडा आहे.

क्यूबेकमध्ये एके काळी रस जास्त दिवस वाहावा म्हणून भोकात फॉर्मॅल्डिहाइडची गोळी ठेवत असत. भोक लवकर बुजत नसे, रस जास्त मिळे, पण झाड आतून कुजत जाई. आता कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे तिला बंदी आहे. सेंद्रिय प्रमाणनात तर याहून पुष्कळ बारकाईने पाहतात. ठरावीक जाडीपेक्षा बारीक झाडाला भोक पाडता येत नाही. जाडीच्या मानाने भोकांची संख्या बांधून दिलेली असते. आणि कढईत रस उतू जाऊ लागला म्हणजे फेस मारायला काय टाकता, तेही वहीत लिहावे लागते. पूर्वी तिकडे कढईवर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगत. फेस तिथवर चढला की आपोआप बसे. मग बाजारी फेसमार औषधे आली. आता सेंद्रिय पाकात ती चालत नाहीत. सेंद्रिय वनस्पती तेलाचे थेंब टाकतात. आपला गुळव्या शेंगतेलाचा थेंब टाकतो, तसेच ते.

सहकाराच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. क्यूबेकच्या मेपल उत्पादकांनी १९२५ साली आपली सहकारी संस्था काढली. ती 'सिटाडेल' या नावाने आजही चालू आहे. पुढे उत्पादक संघाने विक्रीला कोटा लावला, आणि भाव पडू नयेत म्हणून २००० साली पाकाचा राखीव साठा सुरू केला. २०१२ साली त्या साठ्यातल्या पिंपांत पाकाऐवजी पाणी निघाले! जवळजवळ ३ हजार टन पाक चोरट्यांनी लंपास केला होता. गोदामावर राखणदार नीट हवा, हे तिकडेही खरे.

रायगड किनाऱ्यावर

मेपल पाहायला कॅनडाला जाणे आपल्याला परवडणार नाही. पण झाडातून रस काढून पाक करण्याची विद्या आपल्या राज्यातही आहे, आणि ती माडावर आहे. म्हणून शेतकी खात्याचे आम्ही तिघे पावसाळा संपल्यावर अलिबाग, मुरुड आणि श्रीवर्धन या तालुक्यांत चार दिवस राहून आलो. तिकडे आपल्यासारखे उसाचे फड नाहीत. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी या अष्टागरातल्या गावांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाडी म्हणजे घराला लागून असलेली, गडग्याने किंवा कुंपणाने बंदिस्त केलेली, स्वतःच्या विहिरीवर भिजणारी बाग. श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध आहे. तिथे कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही आहे.

माडाचा रस खोडातून काढत नाहीत, पोयीतून काढतात. पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा. ती दोरीने आवळून बांधतात, रोज हलक्या हाताने ठोकतात, आणि शेंडा धारदार पात्याने तासतात. याला छेवणे म्हणतात. काही दिवसांनी थेंब येऊ लागतात. मग खाली मडके अडकवायचे, आणि दिवसातून दोन-तीन वेळा चढून कागदाएवढा पातळ काप काढायचा. काप जाड गेला तर पोय लवकर संपते, काढलाच नाही तर रस थांबतो. एका माडापासून दिवसाला दीड-दोन लिटर रस मिळतो, कधी जास्तही. भंडारी समाजाची ही पिढीजात कला. माडावर दोरीचा फास घेऊन चढणारा माणूस पाहिला म्हणजे उसाच्या मोळ्या वाहणारे आपले तोडणी कामगार आठवतात. हातावर पोट, आणि पाय घसरला तर सगळाच खेळ संपला.

या रसात साखर १५ ते १७ टक्के असते. म्हणजे मेपलच्या सात-आठ पट, आणि उसाच्या रसाच्या थोडी खाली. १ लिटर दाट पाकाला सुमारे साडेपाच लिटर रस पुरेल. हिशेब इतका सोपा असताना किनाऱ्यावर पाक का होत नाही? बहुतेक माड छेवला जातो तो माडीसाठी. मडक्यात पहिला थेंब पडल्यापासून तो आंबू लागतो. पहाटे उतरवलेली नीरा गोड लागते, दुपारी तिला वास येतो, संध्याकाळी ती माडी झालेली असते. मेपलवाल्याला थंडीची मदत असते, कोकणात ती कुठली? (आपण को ८६०३२ या उसाला 'नीरा' म्हणतो, तिचा या नीरेशी संबंध नाही, एकाने विचारले होते म्हणून सांगितले.)

आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. ही जुनी रीत. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने दुसरी रीत काढली आहे. पोयीला बर्फाची बंद पेटी जोडायची, म्हणजे रस थंड राहतो, चुनाही लागत नाही आणि मुंग्या-माश्याही पडत नाहीत. उतरवलेला रस लगेच आटवला की पाक, आणखी आटवला की गूळ किंवा साखर. गोव्यात रेंदेर लोक माडाचा काळसर गूळ पूर्वीपासून करतात; 'माडाचें गोड' म्हणून तो घरोघर ओळखीचा आहे. आपल्या राज्यात ताड-शिंदीच्या गुळासाठी गजानन नाईक यांनी गांधीजींच्या प्रेरणेने आयुष्य वेचले. स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारचे ताडगूळ सल्लागार होते, आणि डहाणूच्या ताडगूळ कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. गांधीजींचा मुद्दा साधा होता. झाड तेच, रस तोच. त्याची दारू करण्याऐवजी अन्न करावे.

पण झाड छेवायला परवाना लागतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून किनाऱ्यावरच्या रसाच्या झाडांवर सरकारची नजर आहे. आज १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याचे काम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. न आंबलेली नीरासुद्धा या कायद्याच्या कक्षेत येते. तेव्हा कुणी सभासद आपल्या बांधावरची शिंदीची झाडे पाहून मनात काही योजत असेल, त्याने आधी त्या कचेरीत जाऊन यावे.

शिवाय पोय छेवली की त्या पोयीचे नारळ गेले. मेपलच्या झाडाचे दुसरे काही उत्पन्न बुडत नाही, माडाचे बुडते. वाडीवाला म्हणतो, नारळाला आज गिऱ्हाईक दारात आहे, पाक कोण घेणार? आणि चढणार कोण? नारळ उतरवायला पाडेली मिळत नाही, तिथे दिवसातून तीनदा चढणारा कुठून आणायचा? मुले मुंबईला गेली. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आम्ही तिकडे गेलो ते रस पाहायला. शिकून आलो ते मात्र प्रमाणनाविषयी. नागावात एका वाडीवाल्यांकडे बसलो होतो. वाडी पाहून आमचे मन प्रसन्न झाले. शेणखत, झावळ्यांचे आच्छादन, वर्षातून एकदा सुक्या मासळीचे खत. ते म्हणाले, "आमच्या वाडीत आजोबांच्या काळापासून रासायनिक काही पडलेलंच नाही. प्रमाणपत्र द्यायचं तर आम्हांला आजच द्यायला पाहिजे." आम्हालाही तसेच वाटले. मग सहज विचारले, गेंडा भुंग्याला काय करता? "त्याला काय, शेंड्यात डांबराच्या गोळ्या ठेवतो. सगळेच ठेवतात."

बंधूंनो, इथे सगळे अडते. कपाटात ठेवायच्या या गोळ्या भुंग्याला दूर ठेवतात, आणि पानांच्या बेचक्यात त्या ठेवाव्यात अशी शिफारसही पुस्तकांत सापडते. पण सेंद्रिय प्रमाणनात त्या बसत नाहीत. वाडीवाल्याने फसवणूक केली नव्हती. खत नाही, फवारणी नाही, म्हणजे रसायन नाही असा त्यांचा प्रामाणिक समज होता. नारळावर कोळी आला तेव्हा एका माडाला मुळातून औषध पाजल्याचेही त्यांना नंतर आठवले. कोणत्या साली, कोणत्या माडाला, ते मात्र आठवेना. तपासनीसाला हवे असते ते नेमके हेच, आणि तेही कागदावर.

गोळ्यांऐवजी निंबोळी पेंड व वाळू मिसळून बेचक्यात भरता येते, हुकाने भुंगा ओढून काढता येतो, कामगंध सापळे लावता येतात. आणि शेणखताच्या खड्ड्यात, जिथे भुंग्याची अळी वाढते, तिथे मेटारायझियम ही बुरशी सोडता येते. हे नाव सभासदांच्या ओळखीचे आहे. हुमणीसाठी आपण तीच वापरतो.

किनाऱ्यावर २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पन्नास-साठ वर्षांचे माड मुळासकट गेले. त्यानंतर लावलेली रोपे आता कुठे वाढीला लागली आहेत. बाणवलीसारखा उंच माड फळाला यायला सहा-सात वर्षे घेतो. एका अर्थी ही संधीच आहे असे आम्ही तिकडच्या काही जणांना सांगितले. सेंद्रिय नियमात बहुवर्षीय झाडांना पहिल्या तोडणीआधी ३ वर्षे रूपांतराचा काळ धरतात. रोप लहान आहे तोवरच नोंद सुरू केली, तर उत्पन्न सुरू होईपर्यंत हा काळ आपसूक निघून जाईल. उत्पन्न चालू असलेल्या बागेत हाच काळ अंगावर येतो.

आता आपल्या फडाकडे

आपल्या देशात सेंद्रिय प्रमाणनाचे दोन रस्ते आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. तो 'अपेडा'कडून चालतो, आणि त्याची सुधारित आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. परदेशी माल पाठवायचा तर हाच रस्ता. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेचा तपासनीस शेतावर आणि गुऱ्हाळावर येतो. दुसरा रस्ता सहभागी हमी पद्धतीचा, म्हणजे पीजीएस. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. खर्च कमी, पण माल देशातच विकायचा. दोन्हींपैकी काहीच नसताना बाटलीवर 'सेंद्रिय' छापून दुकानात ठेवणे २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत बसत नाही.

वार्षिक पिकाला पेरणीआधी किमान २ वर्षांचा रूपांतर काळ धरतात. ऊस एकदा लावून खोडवा, निडवा घेतो. तेव्हा त्याला वार्षिक धरणार की बहुवर्षीय, हे प्रमाणन संस्थेला आधी विचारून लेखी घ्यावे. जमिनीत पूर्वी काही वापरले नसल्याचा पुरावा असेल तर काळ कमी करण्याचा अधिकार संस्थेला आहे. पण पुरावा म्हणजे पुरावा. 'गावात कुणालाही विचारा' हा पुरावा होत नाही.

आता मुख्य अडचण. बैठकीत जो तो म्हणतो, "वीस गुंठ्यात सेंद्रिय करतो, बाकीचा नेहमीसारखा कारखान्याला." मनात हा बेत सोपा वाटतो, नियमात तो बसत नाही. एकाच शेतकऱ्याने एकच पीक दोन पद्धतींनी घेणे याला समांतर उत्पादन म्हणतात, आणि ते नियमांना मान्य नाही. कारण उघड आहे. सेंद्रिय फडातला ऊस आणि शेजारच्या युरियाच्या फडातला ऊस चरकावर एकत्र आला तर ओळखणार कोण? पीजीएसमध्येही गटातल्या शेतकऱ्याने आपली सगळी जमीन ठरावीक मुदतीत सेंद्रिय करायची असते. म्हणजे वीस गुंठ्यांचा प्रश्नच नाही. प्रश्न सगळ्या सातबाऱ्याचा आहे. सगळा ऊस गुऱ्हाळाकडे जाईल ही भीती आम्हाला का वाटत नाही, ते आता लक्षात आले असेल.

कोकणातल्या वाडीवाल्याची जमीन एकत्र, बंदिस्त, विहीर आपली. आपले तुकडे चार ठिकाणी, पाणी सामाईक पाटाचे, आणि शेजारचा तणनाशक मारताना वारा आपल्या दिशेने. म्हणून सेंद्रिय फडाभोवती मोकळा पट्टा सोडावा लागतो किंवा दाट झाडोरा लावावा लागतो. त्या पट्ट्यातला ऊस सेंद्रिय म्हणून धरत नाहीत. फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून उसना आणला तरी तपासनीस विचारतो. उसने देणे-घेणे हा आपल्या गावाचा धर्म, पण पंपाच्या बाबतीत तो मोडावा लागेल.

बेणे घेताना टिपऱ्या बुरशीनाशकात बुडवायची आपली सवय सोडावी लागते. त्याऐवजी ५० अंश तापमानाच्या गरम पाण्यात २ तास ठेवण्याची रीत आहे, आणि ट्रायकोडर्मा आहे. खोडकिडीला ट्रायकोकार्ड. पाचट जाळायचे नाही, सरीत कुजवायचे. ताग-धैंचा गाडायचा. यातले बरेचसे आपण सांगतोच. फरक इतकाच की इथे ते पर्याय म्हणून नाही. कारखान्याच्या मळीचे कंपोस्ट चालते का, असे पुष्कळ जण विचारतात. साखर उद्योगातले टाकाऊ पदार्थ नियमांत मर्यादित वापराच्या यादीत येतात, त्यामुळे टाकण्याआधी संस्थेची संमती घ्यावी. ट्रॉली रिकामी केल्यावर विचारून उपयोग नाही. आणि पहिल्या एक-दोन वर्षांत टनेज घटते. किती, ते जमिनीवर अवलंबून. ज्याची जमीन वर्षानुवर्षे फक्त पोत्यांवर जगली आहे, त्याची जास्त घटेल.

गुऱ्हाळावर तर खरी परीक्षा. रस गाळल्यावर मळी काढायला भेंडीच्या खोडाचा व मुळांचा चिकट रस वापरावा. ही आपली जुनी रीत आहे आणि ती प्रमाणनात बसते. चुन्याची निवळी बेताने. जास्त झाली की काकवी काळवंडते. गूळ-काकवी पिवळीधमक दिसावी म्हणून हायड्रॉस पावडर टाकण्याची सवय बऱ्याच गुऱ्हाळांना लागली आहे. ती इथे पूर्ण बंद. क्यूबेकची गोळी आणि आपली पावडर यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. सेंद्रिय काकवी तपकिरी दिसते, तशीच विकावी. फेसाला टाकायचे तेलसुद्धा सेंद्रिय नोंदीचे असावे, आणि किती थेंब टाकले ते वहीत यावे. चुलवाणात फक्त चिपाड. काही ठिकाणी जुने टायर आणि प्लॅस्टिक जाळतात. त्याच्या धुरात शिजलेल्या पाकाला सेंद्रिय म्हणणे ही शुद्ध थट्टा होईल.

ऊस तोडल्यापासून २४ तासांत चरकाला लागला पाहिजे, आणि रस निघाल्यावर काहिलीत जायला वेळ लागता कामा नये. माडाचा रस दुपारी आंबतो, तसा आपलाही बिघडतो, फक्त थोडा हळू. काकवी १०५ अंशांच्या आसपास उतरवतात. गुळाला ११६ ते ११८ अंशांपर्यंत जावे लागते. गुळव्या बोटाने तार पाहतो, ते चांगलेच. पण गिऱ्हाईकाला प्रत्येक बाटली सारखी हवी असते, म्हणून थर्मामीटर आणि ब्रिक्सचे यंत्र ठेवावे. उतरवलेली काकवी आठ-दहा दिवस भांड्यात निवळू द्यावी. खाली साखर धरू नये म्हणून किलोला ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात. टिकाऊपणासाठी मेटाबायसल्फाइट घालायला सांगणारे भेटतील. सेंद्रियात ते नको. चांगल्या चरकावर १ टन उसापासून दीडशे ते पावणेदोनशे किलो काकवी निघावी. हा आकडा हाती घेऊन, मजुरी, बाटल्या, तपासणी शुल्क आणि घटलेले टनेज वजा करून, प्रत्येकाने आपला ताळा घरी करावा. एफआरपीशी तुलना करताना हे खर्च विसरून चालत नाही. आणि गिऱ्हाईक आधी शोधावे, काहील नंतर आणावी.

गटाविषयी शेवटचे. प्रमाणपत्र गटाने घ्यायचे तर खर्च वाटला जातो, तशी जोखीमही वाटली जाते. एका सभासदाने रात्री एक पोते युरिया टाकले आणि ते उघडकीस आले, तर कारवाईची झळ सगळ्यांना लागते. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात तयार होणारा युरिया आपल्या बांधापर्यंत सहज पोहोचतो, मोह होणार. म्हणून गटात भाऊबंद म्हणून कुणाला घेऊ नका. वही लिहिणारा माणूस घ्या. वहीत तारीख, गट नंबर, काय टाकले, किती टाकले, कुठून आणले, पावती क्रमांक. लिहिता येत नसेल तर सुनेने किंवा नातवाने लिहावे, अडचण नाही. आपल्या विभागातल्या दोन-तीन भगिनी दुधाचा हिशेब ज्या काटेकोरपणे ठेवतात, तो पाहून आम्हाला वाटते की ही वही घरच्या बाईच्या हाती दिलेली बरी.

ज्यांची जमीन एका जागी आहे, स्वतःची विहीर आहे, आणि दोन-तीन वर्षे जादा भावाशिवाय काढण्याची घरची ताकद आहे, त्यांनीच यात पडावे. कर्जावर चाललेल्या सभासदाला आम्ही आज हो म्हणणार नाही. इच्छुकांनी आडसाली लागणीपूर्वी गट कार्यालयात सातबारा, आठ-अ, चतुःसीमेचा हाताने काढलेला नकाशा आणि मागील तीन वर्षांच्या खत-औषधांच्या पावत्या घेऊन यावे. पावत्या नसतील तर सोसायटीच्या किंवा दुकानाच्या वहीतून उतारा मिळतो का ते पाहावे. आपला चिटबॉय त्यासाठी मदत करील. पाच जण जमले की पहिली बैठक त्यांच्यापैकी एकाच्या बांधावर घेऊ, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही तिथे बोलावू, कारण फवारणीच्या वेळेचे त्याच्याशी आधी ठरवावे लागेल.